नवऱ्याची शिक्षा, बायकोचा अर्ज

मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा होती. तिचा छापील अर्ज गेल्या पावसाळ्यात माझ्या हातात आला, कारण आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईला तो भरून हवा होता. नाव, वय, शिक्षण, अनुभव, सगळे नेहमीचेच. मग एक प्रश्न असा : ‘आपल्या कुटुंबातील अथवा जवळच्या नातेवाइकांपैकी कोणास न्यायालयाने शिक्षा केली आहे काय? असल्यास तपशील लिहावा.’ बाईने विचारले, “ताई, हे खरं लिहायचं का?”

तिच्या नवऱ्याला शिक्षा झालेली होती. कशाबद्दल? तर तिचाच छळ केल्याबद्दल. कलम ४९८ अ. फिर्याद तिची, साक्ष तिची, रोजंदारी बुडवून तारखांना उभी राहिली तीही हीच. आपणच तिला सांगितले होते ना की गप्प बसू नकोस, पोलिसांत जा? ती गेली. आणि आता त्या शिक्षेचा हिशेब तिने स्वतःच्या पोटापाण्याच्या अर्जात द्यायचा! तिने खरे ते लिहिले, ‘फिर्यादी मी स्वतः’ असेही लिहिले. संस्थेकडून निरोप आला की जागा भरली आहे. पंधरा दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा लागली. संस्थेतल्या एका बाईंनी मला तोंडी सांगितले ते असे : “पोलीस भानगडीचं घर नको, एवढंच हो.”

मैत्रिणींनो, या ‘घर नको’वर मला लिहायचे आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू, कारण या बाबतीत बायांच्या मनात विनाकारण भीती असते. सरकारी नोकरीत निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. त्यात आईवडील, नवरा किंवा बायको यांची नावे, पत्ते, धंदा विचारतात. अटक, खटला, शिक्षा हे प्रश्न मात्र उमेदवाराच्या स्वतःबद्दल असतात. माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते, हा इशारा वर छापलेला असतो आणि त्यानेच बाया घाबरतात. या दडवण्याचा नेमका अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितले. प्रश्न स्पष्ट हवा, मोघम चालणार नाही, आणि जे नेमके विचारले आहे तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. तो खटला उमेदवाराच्या स्वतःच्या गुन्ह्यांविषयी होता. पण जिथे स्वतःबद्दलही न विचारलेले सांगण्याची सक्ती नाही, तिथे भावाबद्दल, नवऱ्याबद्दल आपण होऊन बोलायची गरज कुठून येणार?

दुसरी गोष्ट संविधानाची. सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांच्याबरोबर कूळ या कारणावरूनही भेदभाव करता येत नाही, असे अनुच्छेद १६ म्हणतो. गावकामगारीची जागा बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने गाजुला दशरथ राम राव खटल्यात याच आधारावर मोडली. माझे म्हणणे साधे आहे. बापाच्या नावावर नोकरी मिळत नसेल, तर बापाच्या गुन्ह्यावर ती जाताही कामा नये. अडचण एवढीच की नवरा म्हणजे कूळ नव्हे (लग्नात आपले गोत्र बदलून टाकतात तरी!), आणि खाजगी संस्थेवर हा अनुच्छेद थेट लागू होत नाही. आपल्या बहुतेक बायांच्या नोकऱ्या तर खाजगीच. घरकाम, पाळणाघर, शाळेतली मदतनीस, दवाखान्यातली आया. तिथे काय विचारावे आणि काय विचारू नये, याला धरबंध नाही.

म्हणून मग ‘चारित्र्य पडताळणी’ हा शब्द पाहा. पुरुषाचे चारित्र्य म्हणजे त्याच्यावर गुन्हा आहे की नाही. बाईचे चारित्र्य म्हणजे ती कोणाबरोबर राहते, कोणाची कोण लागते. कागद एकच, पण वाचणारे तो दोन तऱ्हांनी वाचतात. बायको तुरुंगात आहे म्हणून एखाद्या वॉचमनला कोणी परत पाठवल्याचे माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी पाहिलेले नाही. नवरा आत आहे म्हणून धुणीभांडी सुटलेल्या बाया मात्र मी हाताच्या बोटांपेक्षा जास्त सांगू शकते. आणि नवरा आत गेल्यावर घर चालवायचे कोणी? वकिलाची फी, तुरुंगात भेटीला जायचे एसटीचे भाडे, पोरांची शाळा? शिक्षा त्याला झाली. पण भाकरीची चिंता जिला सर्वांत जास्त, तिच्याच हातचे काम आपण काढून घेतो.

नात्याने माणूस गुन्हेगार ठरवण्याचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, महाराष्ट्रात १९५९ साली. पारधी बाईला विचारा, कामाला गेल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो. तिच्या बाबतीत अर्जातला रकाना भरावाच लागत नाही, आडनाव पुरते. तेव्हा ‘नातेवाइकांपैकी कोणास शिक्षा’ हा प्रश्न सर्वांना सारखाच आहे असे कोणी म्हणू नये. ज्या वस्त्यांत पोलिसांची गाडी रोज शिरते तिथे नातेवाइकांत एखादा शिक्षा झालेला निघणारच. जिथे ती शिरतच नाही तिथे रकाना कोरा राहणार.

आता दुसरी बाजू, कारण आमच्या गटातच यावर कडाक्याचे भांडण झाले. आमचे एक पाळणाघर आहे. एक कार्यकर्ती म्हणाली, “उद्या मदतनीस बाईच्या घरात पोरांशी वाईट वागल्याची शिक्षा भोगून आलेला दीर असेल तर? तेव्हाही विचारायचं नाही?” हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. लेकरांच्या बाबतीत आपण भाबडे राहून चालत नाही, आणि ओळखीचाच माणूस बहुतेक वेळा निघतो हे आपणच ओरडून सांगत आलो आहोत.

याचे उत्तर शोधताना मला इंग्लंडचे उदाहरण उपयोगी पडले. तिथे २००६ च्या बालसंगोपन कायद्याखाली एक तरतूद होती. लहान मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या घरात राहणाऱ्या कोणाला ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झाली असेल, तर ती व्यक्तीही अपात्र. २०१४ साली शिक्षण खात्याने शाळांना बजावले की हे तुमच्याकडच्या लहान मुलांच्या वर्गांनाही लागू आहे. मग शाळाशाळांतून शिक्षिकांना, मदतनीस बायांना लिहून मागितले की तुमच्या घरात कोण राहते, त्याने काय केले. स्वतः काही न केलेल्या बाया निलंबित झाल्या, सवलतीसाठी अर्ज करत बसल्या. जोडीदाराला सोडायचे की नोकरी, असा पेच त्यांच्यापुढे आला. बराच आरडाओरडा झाल्यावर ३१ ऑगस्ट २०१८ पासून शाळा आणि घराबाहेरच्या पाळणाघरांतून ही अट काढली. ज्या घरातच मुले सांभाळली जातात, तिथे मात्र ती ठेवली.

हा फरक मला पटतो. पाळणाघर बाईच्या राहत्या घरात चालत असेल, तर त्या घरात कोण राहतो हे विचारलेच पाहिजे, मग तो दीर असो की भाडेकरू. तिथे प्रश्न नात्याचा नसून मुलांजवळ कोण पोचू शकतो याचा आहे. पण पाळणाघर संस्थेच्या जागेत असेल, तर दीराला दारातून आत न घेणे हे संस्थेचे काम. त्यासाठी बाईला कामावरून काढायचे कारण नाही. गेटवर कोण उभे राहते, मुलाला न्यायला कोण येते, एकटी मोठी व्यक्ती मुलांजवळ किती वेळ असते, याचे नियम करायला कष्ट पडतात. रकाना छापायला पडत नाहीत. म्हणून रकाना छापला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्रात बाया विचारतात तेव्हा मी काय सांगते तेही लिहिते. विचारले नसेल तर सांगू नकोस. मुलाखतीत मनाचा मोठेपणा दाखवायला जाऊ नकोस, ती माहिती तुझी नाही, दुसऱ्या माणसाची आहे. छापील प्रश्न असेलच तर ‘नाही’ असे खोटे लिहू नकोस, कारण नवऱ्याचा गुन्हा तुझा नाही पण ते खोटे तुझे होईल आणि उद्या तेवढे निमित्त त्यांना पुरेल. ‘माझ्यावर कोणताही गुन्हा किंवा खटला नाही. नातेवाइकांविषयीची माहिती या कामाशी संबंधित नसल्याने देत नाही,’ असे लिही, अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेव आणि आम्हाला दाखव. याने नोकरी मिळेलच असे नाही. पोटाची घाई असलेल्या बाईला हा बाणेदारपणा परवडत नाही हे मला दिसते, आणि तिने काय लिहावे हे शेवटी तिनेच ठरवायचे.

पण संस्थांचे काय? वसतिगृहे, बालवाड्या, निवारागृहे चालवणाऱ्या कितीतरी संस्था आपल्या स्वतःच्या किंवा आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांचे अर्ज बहुधा कुठल्या तरी जुन्या कार्यालयीन नमुन्यावरून उतरवलेले असतात आणि कोणी पुन्हा वाचत नाही. आमच्या पाळणाघराच्या अर्जातून आम्ही ‘कुटुंबीयांची माहिती’ हे पानच काढले. त्याऐवजी दोन ओळी घातल्या. एक उमेदवाराच्या स्वतःच्या खटल्यांविषयी. दुसरी, मुले तिच्या घरी सांभाळली जाणार असतील तरच, त्या घरात राहणाऱ्या प्रौढ माणसांविषयी. त्या कार्यकर्तीचे समाधान अजून झालेले नाही. भेटायला येणाऱ्या माणसांची वही ठेवा, तीही रोज तपासा, असा तिचा आग्रह आहे आणि तो आम्ही मान्य केला. तुमच्या गटाचा, संस्थेचा अर्ज काढून पाहा आणि असा रकाना असेल तर त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या बैठकीत ते सगळे अर्ज समोर ठेवून बोलायचे आहे.