काचेचा धागा आणि रुग्णाचा वेळ

‘डॉक्टर, दुर्बीण घातल्यावर फार त्रास होतो का हो?’ पोटाच्या तपासणीला आलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण हे विचारतो. एके काळी ही दुर्बीण खरोखरच ताठ नळी होती. तिला लवचिक केले ते केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंनी. आज ज्या ऑप्टिकल फायबरवरून आपले इंटरनेट धावते, त्याचे पहिले मोठे काम दूरसंचाराचे नव्हतेच. ते वैद्यकातले होते.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधील मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. तंतूत शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे भिंतींवर आपटत वळणावळणाने पुढे जातो, हे त्यामागचे तत्त्व. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी अशी लवचिक दुर्बीण आधी स्वतः गिळून पाहिली, मग रुग्णासाठी वापरली.

पण पोटापर्यंतचे अंतर ते केवढे! लांब पल्ल्यासाठी त्या वेळची काच कुचकामी होती. प्रकाश काही मीटरांतच विरून जाई. दोष काचेचा नाही, तिच्यातील अशुद्धीचा आहे, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी पुरे, असे त्यांचे गणित होते. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते साधले. आज एका किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळाले. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण.

हे सगळे आठवण्याचे कारण वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका शेतकऱ्याची उजवी बाजू सकाळी अचानक लुळी पडली. घरच्यांनी वेळ न दवडता त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेले. सीटी स्कॅनही झाला. पण तो वाचणारे तज्ज्ञ शंभर किलोमीटर दूर, आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली. स्कॅनच्या शेकडो प्रतिमा मोबाइलवरून जाईनात. मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्याशिवाय गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येत नाही, आणि ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तो आमच्याकडे पोचला तेव्हा ही मुदत उलटली होती. जीव वाचला, हात मात्र कामाचा राहिला नाही.

अशा झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. ती तुटलेली केबल दूरसंचार खात्याच्या वहीत ‘तांत्रिक बिघाड’ असेल. माझ्या लेखी ती ऑक्सिजनची नळी तुटण्यासारखीच आहे.

‘आधी डॉक्टरांची पदे भरा, मग तारा टाका,’ असे काही सहकारी म्हणतात. पदे भरलीच पाहिजेत. नाडी धरायला तंतू येणार नाही. पण प्रत्येक तालुक्याला रेडिओलॉजिस्ट मिळेपर्यंत रुग्णांनी थांबायचे का? एक तज्ज्ञ दहा ठिकाणांना उपयोगी पडू शकतो, तो या धाग्यामुळेच.

अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. आता प्रश्न केबल कुठवर आली एवढाच नाही, ती चालू आहे का, हा आहे. रुग्णालयात जनरेटर असतो, तशी इंटरनेटची दुसरी, वेगळ्या मार्गाने येणारी जोडणी असावी. दुरुस्तीला तासांची मुदत असावी, आठवड्यांची नव्हे. आणि रस्ता खोदण्यापूर्वी खाली काय आहे, हे ठेकेदाराने विचारलेच पाहिजे.

प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने काचेतून धावतो. त्याला अडवतो तो आपला जेसीबी.