विश्लेषण : घाटापलीकडे नॅनो औषधांचे संशोधन, फोंडाघाटच्या मुलांना ही वाट परवडेल का?

फोंडाघाट : विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर अधूनमधून दोन ओळींची एक जाहिरात झळकते. कनिष्ठ संशोधकाची एक जागा, आणि विषय वैद्यकीय इमेजिंग व नॅनो कणांतून औषध पोचवणे. मुदत थोड्याच दिवसांची असते. शहरातल्या मुलांना ती लगेच कळते. कणकवली तालुक्यातल्या एमएस्सी झालेल्या मुलापर्यंत ती व्हॉट्सअॅपवर फिरत येते, तोवर अनेकदा तारीख उलटून गेलेली असते. आणि वेळेत कळली तरी घरात पहिला प्रश्न हाच येतो, "ही नोकरी की शिक्षण? आणि पगार किती?"

नॅनो म्हणजे नेमकं काय?

नॅनो म्हटलं की कुणाला टाटांची छोटी गाडी आठवते, तर शेतकऱ्याला इफकोचा नॅनो युरिया. इथे अर्थ फक्त मापाचा आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो.

अशा कणांतून दिलेलं औषध गावांनी पाहिलेलंही आहे. २०२१ मध्ये करोनानंतर काळ्या बुरशीची साथ आली आणि अॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरले. त्यातलं 'लायपोसोमल' इंजेक्शन म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलेलं औषध. औषध जुनंच, पण पिशवीमुळे किडनीला होणारा त्रास कमी. कॅन्सरवरच्या डॉक्सोरुबिसिनला अशीच पिशवी घालून बनवलेल्या औषधाला अमेरिकेने १९९५ मध्येच मान्यता दिली होती.

मग संशोधन कशाचं चाललंय?

खरी अडचण पत्त्याची आहे. सलाइनमधून दिलेलं औषध अंगभर फिरतं. गाठीवर जातं, तसं केसांच्या मुळांवर आणि पोटाच्या आतल्या अस्तरावरही जातं. केमोमध्ये केस गळतात, उलट्या होतात त्या म्हणूनच. नॅनो कण हे औषध थेट गाठीवर नेतील, अशी आशा होती. पण टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा वर्षांचे शोधनिबंध तपासून २०१६ मध्ये दाखवलं, की प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिलेल्या कणांपैकी जेमतेम ०.७ टक्के गाठीपर्यंत पोचत होते. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून धरतात.

म्हणूनच इमेजिंग आणि औषध ही जोडी जमली. औषध कुठे गेलं हे दिसलं, तरच वाट सुधारता येते. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनो कण इथे दुहेरी उपयोगाचे आहेत. एमआरआयमध्ये ते गडद दिसतात, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की तापतात. ४२ ते ४५ अंश उष्णतेने गाठीतल्या पेशी कमजोर होतात. मेंदूतील गाठींसाठी या पद्धतीला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली.

कोल्हापूरचा धागा

हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. घाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठलं, की शिवाजी विद्यापीठात नॅनो विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि बारावीनंतर पाच वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रमही. कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात डॉ. शिवाजी पवार यांच्या गटाने चुंबकीय नॅनो कणांवर काम उभं केलं. तिथे पीएचडी केलेले डॉ. नानासाहेब थोरात पुढे पोलंड, आयर्लंड आणि मेरी क्युरी फेलोशिपवर ऑक्सफर्डपर्यंत गेले. विषय तोच, कॅन्सरवर नॅनो औषध. मुंबई विद्यापीठाचंही कलिन्याला नॅनो विज्ञान केंद्र आहे.

पैसे आणि धोका

केंद्राच्या दरानुसार १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडं वेगळं. गावाकडच्या घराला हा आकडा मोठा वाटतो. पण हा पगार नव्हे, ही फेलोशिप आहे. प्रकल्प संपला की जागा संपते. पेन्शन नाही, कायम होण्याची हमी नाही. नेट किंवा गेट नसेल तर रक्कम कमी होते. अनुदानाचा हप्ता लांबला की फेलोशिपही लांबते. फेलोशिपसाठी राज्यातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. तेवढे महिने खोलीभाडं आणि मेस भागवणारं घर मागे नसेल, तर हुशार मुलगाही अर्ध्यावर सोडून देतो. खरी गळती इथे होते.

२०२३ च्या कायद्याने केंद्राने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभारलं आणि पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट सांगितलं. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. तो पैसा राज्य विद्यापीठांच्या प्रयोगशाळेत आणि वेळेवर पोचतो का, यावर अशा जागांचं भवितव्य आहे.

रुग्णाला काय?

सिंधुदुर्गचा गंभीर रुग्ण आजही बांबोळी किंवा कोल्हापूरची वाट धरतो. गोव्याने २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा ही परावलंबी स्थिती उघडी पडली. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, पण प्रयोगशाळेतला नॅनो कण रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. म्हणून 'नॅनो'चं लेबल लावून कॅन्सर बरा करण्याची हमी देणाऱ्या बाटलीच्या नादी लागू नये, आणि चालू केमो तर मुळीच सोडू नये.

अर्ज करणाऱ्यांनी काय पाहावं

जाहिरात विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, ते आधी तपासावं. मुलाखतीआधी पैसे मागणारा फोन आला, तर संशय धरावा. प्रकल्पाची किती वर्षं शिल्लक आहेत आणि पीएचडीची नोंदणी मिळणार का, हे तिथेच विचारून घ्यावं. सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची असल्याने कोल्हापूरला जाणाऱ्याने मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवावं. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफसाठी खुल्या गटाला वयाची अट ३० आहे, राखीव गटांना व महिलांना सवलत आहे. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातच तयारी सुरू केली, तर दोन-तीन संधी हातात राहतात. नोकरी शोधता शोधता वयाची अट गाठली, तर मात्र ही वाट बंद होते.