एकमताने बदलता येणारा मार्ग

क्रूझवर सुट्टी घालवणाऱ्यांचे दोन पंथ असतात आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. पहिल्या पंथातली मंडळी सहा महिने आधी केबिन ठरवतात. कोणत्या बंदरात किती वाजता उतरायचे, कोणत्या वास्तूला किती वेळ द्यायचा, कोणत्या रात्री कोणत्या भोजनगृहात बसायचे, याचा तक्ता त्यांच्या खिशात असतो. दुसरा पंथ या तक्त्याकडे दयेने पाहतो. सुट्टी म्हणजेच तक्त्यातून सुटका, जहाज नेईल तिकडे जावे आणि मनाला येईल तेथे उतरावे, अशी त्यांची श्रद्धा. या वादात साहित्याशी संबंध असलेला माणूस बहुधा दुसऱ्या पंथाला कौल देतो. आपल्या परिभाषेतच तो कल आहे. 'उत्स्फूर्त' हे विशेषण आपण गौरवाने वापरतो, तर 'बेतीव' म्हटले की कथा निकालात निघते.

या कलाचे मूळ बरेच मागे जाते. वर्डस्वर्थने 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० सालच्या प्रस्तावनेत कवितेला भावनांच्या उत्स्फूर्त उद्रेकाशी जोडले, हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो. पण त्याच विवेचनात पुढे एक अट आहे. ज्याने दीर्घकाळ आणि खोलवर विचार केलेला आहे, त्याच्याच बाबतीत हा उद्रेक मोलाचा ठरतो, असे कवी म्हणतो. ही अट उत्तरपत्रिकेत क्वचितच उतरते. प्रवासवर्णन शिकवतानाही आपले असेच होते. चुकलेली गाडी, अनपेक्षित भेट, वाट सोडून केलेली भटकंती ही स्थळे आपण रसभरीत शिकवतो. लेखक त्या वाटेपर्यंत कोणत्या तयारीने पोचला, हा प्रश्न मात्र विचारत नाही.

क्रूझ हे या प्रश्नाची परीक्षा पाहण्याचे उत्तम ठिकाण आहे, कारण इथे पूर्ण बेफिकिरीला वावच नाही. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. आणि सुदैवाने या प्रकारच्या प्रवासाच्या अगदी आरंभीच एका मोठ्या लेखकाने त्याचे सविस्तर टिपण करून ठेवले आहे.

१८६७च्या जूनमध्ये 'क्वेकर सिटी' ही आगबोट न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे आणि पॅलेस्टाईनकडे निघाली. माल नाही, टपाल नाही. प्रवासी केवळ पाहण्यासाठी निघाले होते. भाडे साडेबाराशे डॉलर. मार्क ट्वेनचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'आल्टा कॅलिफोर्निया' या वृत्तपत्राने भरले होते आणि त्याबदल्यात त्याने पत्रे पाठवायची होती. त्या पत्रांतून १८६९ साली 'द इनोसन्ट्स अब्रॉड' हे पुस्तक तयार झाले. पुस्तकाच्या आरंभीच ट्वेनने सफरीचे छापील माहितीपत्रक जसेच्या तसे दिले आहे. त्यात बंदरांची नावे आहेत, मुक्कामाचा अंदाज आहे, आणि एक अफलातून कलम आहे: सर्व प्रवाशांचे एकमत झाल्यास सफर लांबवता येईल आणि मार्गही बदलता येईल. एकमत! आपल्याकडे एका टेबलावर बसलेल्या चार माणसांचे चहा की कॉफी यावर एकमत होत नाही. तिथे साठ-सत्तर अनोळखी प्रवाशांना समुद्राच्या मधोमध एकमताचे स्वातंत्र्य दिले होते. क्रूझवरील स्वातंत्र्याचे स्वरूप या कलमाइतके नेमके क्वचितच कोणी मांडले असेल. ते कागदावर पूर्ण असते आणि वापरायला गेले की हाताला लागत नाही.

माहितीपत्रकातल्या गोष्टी पहिल्यापासूनच ढासळू लागल्या. हेन्री वॉर्ड बीचर हे विख्यात धर्मोपदेशक आणि जनरल शर्मन बरोबर येणार, असा बोलबाला होता. दोघेही आले नाहीत. जहाज धक्क्यावरून वाजतगाजत सुटले आणि वादळामुळे बंदराच्या तोंडाशीच नांगर टाकून बसले. पुढे मार्सेयला ट्वेन आणि त्याचे सोबती रेल्वेने पॅरिसला जाऊन आले. नेपल्सला तर मौजच झाली. जहाजातून आलेले सहप्रवासी विलगीकरणात बंदरात अडकून पडले आणि आधीच उतरून जमिनीवरून आलेला ट्वेन शहरात मोकळा हिंडत राहिला.

पण या पुस्तकातली अविस्मरणीय रात्र अथेन्सची. पायरिअस बंदरात जहाज शिरले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने बजावले की अकरा दिवस विलगीकरणात राहा किंवा निघून जा. अकरा दिवस थांबणे शक्य नव्हते. थोडक्या तासांत जहाज कॉन्स्टँटिनोपलकडे निघणार होते. डेकवरून दुर्बिणीने अॅक्रोपोलिस पाहावा आणि समाधान मानावे, एवढेच हाती होते. तेव्हा रात्री अकराच्या सुमारास ट्वेन आणि आणखी तिघे होडीतून गुपचूप किनाऱ्यावर उतरले. रस्ता टाळून शेतांतून गेले, वाटेत द्राक्षमळ्यांतली द्राक्षे चोरली, कुत्र्यांच्या भुंकण्याला घाबरले, दारावरच्या पहारेकऱ्यांना चिरीमिरी देऊन आत शिरले आणि चांदण्यात पार्थेनॉन पाहिले. पहाटेपर्यंत ते जहाजावर परतले. एरवी पवित्र स्थळांची आणि नामांकित चित्रांची टर उडवणारा हा लेखक इथे गंभीर होतो, आणि ते गांभीर्य खरे वाटते.

उत्स्फूर्ततेच्या बाजूने याहून बळकट साक्ष मिळणार नाही, असे कोणी म्हणेल. माझे मत नेमके उलट आहे. त्या टेकडीवर काय आहे आणि ते पाहण्यासाठी धोका पत्करण्याचे मोल आहे, हे त्या चौघांना न्यूयॉर्कहून निघण्यापूर्वीच ठाऊक होते. जहाज केव्हा सुटणार याची त्यांना कल्पना होती आणि त्या मानाने किती चालता येईल याचा हिशेब मनात होता. मोडला तो नियम. योजना मोडली नाही. उलट, मूळची योजना बंदराच्या अधिकाऱ्याने मोडली होती आणि या चौघांनी ती रात्रीच्या अंधारात पुरी केली. ती रात्र ठरवलेली नव्हती, पण तिची इच्छा फार आधी ठरलेली होती.

याच पुस्तकात दुसऱ्या प्रकारचाही प्रसंग आहे आणि तो मला अधिक बोधक वाटतो. गालीलच्या समुद्रावर होडीतून फिरायचे, हे यात्रेकरूंचे आयुष्यभराचे स्वप्न होते. तिथे पोचल्यावर एक होडी दिसली, तिला हाका मारून बोलावले. नावाड्याने दोन नेपोलियन, म्हणजे आठ डॉलर मागितले. हजारो मैल आलेल्या या भाविकांनी घासाघीस करून एक नेपोलियन देऊ केला. नावाड्याने होडी वळवली. मग किनाऱ्यावरून दोन घे, तीन घे असा गलका झाला, पण होडी दूर निघून गेली होती. ट्वेन या फजितीवर हसतो, आपणही हसतो. पण घडले काय? बंदरे, तारखा, घोडे, तंबू या सगळ्याचा बेत होता. या एका इच्छेची किंमत आपल्या लेखी किती, याचा विचार मात्र कोणी केलेला नव्हता. तो त्या क्षणी, किनाऱ्यावर उभे राहून, बाजारातल्या सवयीने केला गेला. पुष्कळदा ज्याला आपण मनाची लहर म्हणतो ती अशी जुनी सवयच असते. नवख्या गावात 'मनाला येईल तिकडे' गेलेला माणूस किती वेळा घराजवळच्या दुकानासारख्याच दुकानात जाऊन उभा राहतो, ते पाहावे.

पहिल्या पंथालाही या पुस्तकात चपराक आहेच. बैरुतहून दमास्कसकडे जाताना शब्बाथाच्या दिवशी प्रवास घडू नये म्हणून यात्रेकरूंनी तीन दिवसांची मजल दोन दिवसांत मारली. धर्माचा नियम पाळला गेला, पण थकलेल्या घोड्यांवर अधर्म झाला, असे ट्वेन संतापून लिहितो. तक्ता पाळण्याची किंमत बहुधा दुसरेच कोणी मोजत असते.

आता आजच्या क्रूझकडे येऊ. जानेवारी २०२४मध्ये मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज पहिल्या सफरीवर निघाले. त्यात जास्तीत जास्त सुमारे ७,६०० प्रवासी मावतात. म्हणजे एक लहानसे गावच. एवढ्या लोकांना एकाच संध्याकाळी एकच नाटक पाहण्याची लहर आली तर? म्हणून अशा जहाजांवर लहरींचेही आरक्षण असते. प्रयोगाची जागा, भोजनाची वेळ, बंदरावरची सहल, सगळे मोबाइलवर आधी नोंदवायचे. न नोंदवणाऱ्याला स्वातंत्र्य मिळत नाही, उरलेसुरले मिळते. डेव्हिड फॉस्टर वॉलेस हा अमेरिकन लेखक मार्च १९९५मध्ये कॅरिबियन समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर गेला होता. त्यावरचा त्याचा प्रदीर्घ निबंध जानेवारी १९९६च्या 'हार्पर्स' मासिकात आला. जिथे प्रत्येक गरज व्यक्त होण्याआधीच भागवली जाते, तिथे तृप्ती होत नाही, उलट मागणी वाढत जाते, हे त्याने स्वतःवर केलेले निरीक्षण आहे. सगळे काही दुसऱ्याने ठरवलेले असताना आपल्याला मोकळे वाटते, यातली विसंगती तो शेवटपर्यंत सोडत नाही.

आणि हा दुसऱ्याने केलेला बेतही तुमच्याशी बांधलेला नसतो. हवामान, भरती-ओहोटी, धक्क्याची अडचण, कारण कोणतेही असो, बंदर गाळण्याचा अधिकार जहाजाकडे असतो. तिकिटाबरोबरच्या बारीक अक्षरांत तो लिहिलेला असतो. तुम्ही मात्र वेळ चुकवायची नाही. मार्च २०२४मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेस साओ टोमे बेटावर आठ प्रवासी स्वतंत्रपणे ठरवलेल्या सहलीवरून उशिरा परतले आणि 'नॉर्वेजियन डॉन' हे जहाज त्यांना मागे ठेवून निघून गेले. पुढचे बंदर गाम्बियाचे. तिथपर्यंत ते धावपळ करून पोचले, तर ओहोटीमुळे जहाज त्या बंदरात लागलेच नाही. अखेर सेनेगलमध्ये त्यांची आणि जहाजाची गाठ पडली. हे वाचून 'वेळ पाळायला नको का' असे म्हणणे सोपे आहे. मला त्यातले विषम नाते दिसते. एकाच आठवड्यात दोघांचाही बेत मोडला. प्रवाशांनी मोडला तो गुन्हा ठरला, जहाजाने मोडला तो नियम.

म्हणून नियोजन की उत्स्फूर्तता, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. लहर कोणाची आणि तिचा भार कोणावर, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. १३ जानेवारी २०१२च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'च्या कप्तानाने जिल्यो बेटाला 'सलाम' करण्यासाठी जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले. खडकावर आपटून जहाज कलंडले आणि ३२ माणसे मरण पावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायतसुद्धा झालेली नव्हती. हीही उत्स्फूर्तताच. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत झाली पाहिजे, असा नियम कडक झाला. आज ज्या कंटाळवाण्या अर्ध्या तासावर हौशी प्रवासी नाक मुरडतात, त्यामागे ही रात्र आहे.

फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' विलगीकरणात अडकली. ट्वेनच्या काळचाच प्रसंग, दीडशे वर्षांनी. पण आता होडीत बसून पळून जाण्याची सोय नव्हती. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये बंद झाले तेव्हा दारोदार जेवण पोचवण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागले. आपल्या गोव्या-कोकणातली पुष्कळ घरे जहाजावरच्या नोकरीवर चालतात. महिनोन्महिन्यांचा करार, आठवड्याचे सातही दिवस काम. मध्यरात्री प्रवाशाला पिझ्झा खावासा वाटतो आणि तो समोर येतो, तेव्हा ती लहर कोणाच्या तरी वेळापत्रकात आधीच लिहिलेली असते. बेफिकिरीची प्रौढी मिरवणाऱ्याने निदान एवढी जाणीव ठेवावी.

एवढे म्हटल्यावर माझा कौल स्पष्ट करायला हवा. तासांचा तक्ता मला नको. पण इच्छांची यादी हवी, आणि ती छोटी हवी. सात बंदरांपैकी एकासाठी भरपूर वाचावे, नकाशा तोंडपाठ करावा, तिथे काय पाहिले नाही तर चुटपुट लागेल आणि त्यासाठी आपण किती पैसे, किती झोप, किती गैरसोय पत्करू, हे घरीच ठरवावे. उरलेली बंदरे खुशाल मोकळी सोडावीत. विद्यार्थ्यांनाही प्रवासवर्णन वाचताना हेच शोधायला सांगावे: लेखक वाट कुठे चुकला यापेक्षा, चुकण्यापूर्वी त्याला काय ठाऊक होते.

२०२१मध्ये मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे नव्या क्रूझ सुटू लागल्या. त्या निघाल्या तेव्हा वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत पोहण्याचा तलाव होता, कॅसिनो होता. ज्या किनाऱ्याला समांतर जहाज रात्रभर जाते तो कुठेच नव्हता. जुनी कोकण बोट जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला जात असे. नवे जहाज त्यांतल्या एकाही बंदराला लागत नाही. पण हा क्रम ज्याला पाठ आहे तो कदाचित रात्री दोन वाजता, काही न ठरवता, केबिनमधून उठेल, डेकच्या डाव्या कठड्याशी जाईल आणि दूरवर एखादा दीप उघडझाप करताना दिसलाच, तर तो कोणता असावा याचा अंदाज बांधत उभा राहील.