दक्षिण मथुरेचा चैत्रोत्सव

आचार्य देवसेनांच्या ‘दर्शनसार’ ग्रंथात दक्षिण मथुरेचा उल्लेख येतो. वज्रनंदींनी विक्रम संवत ५२६ मध्ये तेथे द्राविड संघ स्थापिला, असे देवसेन सांगतात. ही दक्षिण मथुरा म्हणजे आजची मदुरै. आमच्या पिढीने मात्र हे नाव पहिल्यांदा ऐकले ते पाठशाळेत, एका भयंकर कथेच्या निमित्ताने. पांड्य राजाच्या दरबारात शैव संत संबंदर यांच्याशी झालेल्या वादात श्रमण हरले आणि आठ हजार जणांना सुळावर चढविण्यात आले, अशी ती कथा. बालमनावर तिचा असा ठसा उमटला की, पुढे दक्षिणेच्या यात्रेत दोन वेळा मदुरै स्थानक लागले, तरी मी गाडीतून खाली उतरलो नाही.

या खेपेस सौभाग्यवतींनी आग्रह धरला आणि आम्ही उभयता गेलो, तेही ऐन चित्तिरै उत्सवात. गर्दी टाळणाऱ्या माणसाने निवडू नये असाच हा काळ. ध्वजारोहणापासून मीनाक्षीचा राज्याभिषेक, सुंदरेश्वराशी तिचा विवाह, दुसऱ्या दिवशी मासी वीथींतून निघणारे प्रचंड रथ असा हा क्रम चालतो. विवाहाच्या मुहूर्तावर गावोगावच्या सुवासिनी आपापल्या मंगळसूत्राचा दोरा बदलतात. त्यातच वीसेक किलोमीटरवरच्या अळगर टेकडीहून अळगर पेरुमाळ, म्हणजे विष्णू, बहिणीच्या लग्नासाठी निघतो आणि चैत्री पौर्णिमेच्या सुमारास सोन्याच्या घोड्यावरून वैगै नदीत उतरतो. वास्तविक शैव आणि वैष्णव असे हे दोन वेगळे उत्सव. सतराव्या शतकात तिरुमलै नायक राजाने मीनाक्षीचा विवाह मासी महिन्यातून चित्तिरैत आणून ते जोडले, असे सांगतात. उन्हाळ्यात वैगैचे पात्र बहुधा कोरडे असते. देव नदीत उतरावा म्हणून धरणातून पाणी सोडावे लागते. देवाने त्या दिवशी कोणत्या रंगाचे वस्त्र परिधान केले आहे, यावर लोक वर्षाचे भाकीत करतात. हिरवे असेल तर पीकपाणी उत्तम.

आम्ही नदीच्या पुलाजवळ पहाटेच पोहोचलो, तरी देवाचे दर्शन दूरवर चमकणाऱ्या एका ठिपक्यापुरतेच झाले. लक्षावधी माणसे. भक्त कातडी पिशव्यांतून पाण्याचे फवारे उडवीत होते. कातड्याचे पाणी अंगावर नको म्हणून आम्ही मागे सरलो, हे कबूल केले पाहिजे. परतताना उन्हाने जीव कासावीस झाला. रस्त्याच्या दुतर्फा मांडव होते आणि प्रत्येक मांडवात ताक किंवा पानकम्, म्हणजे गूळ, सुंठ व वेलची घातलेले पाणी, येईल त्याला मिळत होते. कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, ही चौकशी नाही. सौ. पेला हाती घेऊन थबकल्या. पाणी गाळलेले असेल का, हा आपला नेहमीचा प्रश्न. आणि तमिळ तर आम्हाला अवाक्षरही येत नाही. मांडवातल्या वृद्ध बाईंनी त्यांचा संकोच पाहिला, गुळाचा गाळ नको असे वाटले असावे, आणि पातेल्यातले पानकम् पांढऱ्या फडक्यातून पुन्हा गाळून नवा पेला भरून दिला. “अम्मा,” एवढेच त्या म्हणाल्या. ज्या नगरीच्या स्थानकाबाहेर मी इतकी वर्षे पाऊल टाकले नाही, तेथले पहिले पाणी असे मिळाले.

त्या रात्री मी बरोबर आणलेली टिपणे पुन्हा वाचली. संबंदर सातव्या शतकातले. सुळाची कथा तपशिलाने सांगणारे शेक्किळारांचे ‘पेरियपुराणम्’ बाराव्या शतकातले. जैन ग्रंथांत या घटनेचा उल्लेख आढळत नाही, असे अभ्यासक सांगतात. आणि मदुरैजवळच्या समणर मलैवर, म्हणजे श्रमणांच्या टेकडीवर, तीर्थंकरांच्या प्रतिमा कोरल्या गेल्या त्या नवव्या-दहाव्या शतकांत! श्रमणांचा उच्छेद झाला म्हणतात, त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी. वाद झाले असतील, राजाश्रय गेला असेल, कटुता तर नक्कीच होती. पण आठ हजारांचा तो आकडा इतिहास म्हणून मुलांना सांगण्याचे धाडस मी यापुढे करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रिक्षा करून आम्ही अळगर टेकडीकडे निघालो. देव शहरात होता. त्याच्या टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, किडारिपट्टी गावाजवळ, खडकाच्या छताखाली मुनींच्या शय्या आहेत. दगडात कोरलेल्या, उशाशी किंचित उंचवटा ठेवलेल्या. पावसाचे ओघळ आत येऊ नयेत म्हणून छताच्या कडेला पन्हळ खोदली आहे. तेथले तमिळ-ब्राह्मी लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ते कोणा राजाचे नाहीत. ‘मतिरै’ नगरीचा सोनार, मिठाचा व्यापारी, लोखंडी फाळ विकणारा, कापड विकणारा, अशी दात्यांची नावे त्यांत आहेत. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडका’त आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीला आवासदान सांगितले. त्याच्या कितीतरी आधी या मीठ-कापडवाल्यांनी ते देऊन ठेवले होते. माझ्या वडिलांचे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. त्या लेखापुढे मी बराच वेळ बसून राहिलो. जवळच नवव्या शतकाच्या सुमारास अच्चनंदी मुनींनी करविलेली प्रतिमा आहे. तिला अर्घ्य द्यायला आमच्याजवळ अक्षताही नव्हत्या, णमोकार म्हटला.

अशा शय्यांना तमिळमध्ये ‘पळ्ळी’ म्हणत. आज त्या भाषेत पळ्ळी म्हणजे शाळा. मुनींच्या निवासाचे नाव विद्येच्या घराला लाभले, यापेक्षा मोठे स्मारक कोणते मागायचे?

अरिट्टापट्टीची टेकडीही अशीच. तेथेही शय्या, लेख आणि महावीरांची प्रतिमा. त्या परिसरात टंगस्टनची खाण होणार होती, तेव्हा गावकऱ्यांनी आपली शेती, पाणवठे आणि टेकड्या यांसाठी मोठे आंदोलन केले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो लिलाव रद्द केला. त्या गावकऱ्यांत जैन कोणी असतील असे वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. उत्सवात खोल्या फार आधी ठरवाव्यात. नदीकाठी चेंगराचेंगरीचे प्रसंग घडले आहेत, म्हणून वृद्धांना आणि लहान मुलांना तेथे नेऊ नये. समणर मलैची चढण सकाळी नऊच्या आत उरकावी. नंतर खडक तापतो. तेथे पेच्चिपळ्ळम् या ठिकाणी झऱ्यालगत आठ मूर्ती एका ओळीत आहेत, त्या चुकवू नयेत. गाळलेले पाणी आणि कोरडा फराळ जवळ ठेवावा. पुढल्या वेळी आम्ही अक्षताही नेणार आहोत.

टेकडी उतरून आलो तेव्हा रिक्षावाले आमची वाट पाहून कंटाळले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी एका मांडवापाशी न सांगता रिक्षा थांबविली आणि तीन पेले ताक आणले. सौ.नी या वेळी फडके मागितले नाही. पिशवीतून स्वतःचे काढले, तिन्ही पेले गाळले आणि पहिला त्यांच्या हाती दिला.