विश्लेषण : लग्नाचा व्हिडिओ ‘फोर-के’ हवा की टिकणारा?

मे महिन्यातले लग्न. मंडपात कूलर घोंघावत असतात, मंगलाष्टके संपत येतात आणि ‘शुभमंगल सावधान’ होताच चहूबाजूंनी अक्षता उडतात. वरूडच्या मंगल कार्यालयात हा क्षण टिपायला आता एकटा शूटिंगवाला नसतो, पाहुण्यांचे मोबाइलही वर गेलेले असतात. मात्र चार दिवसांनी तोच व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावला, की नेमका अक्षतांचाच क्षण चौकोनी ठोकळ्यांत फुटलेला दिसतो. फोन महागाचा, त्यात ‘फोर-के’ची सोय, तरी असे का होते? याचे उत्तर कॅमेऱ्यात कमी आणि सेटिंगमध्ये जास्त आहे. ते सेटिंग कसे निवडायचे, यावर पुढच्या पिढीला काय दिसणार हे ठरते.

अक्षताच का फुटतात?

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात २५ किंवा ३० चित्रे, म्हणजे फ्रेम. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली तर तासाभरात फोन भरून जाईल. म्हणून फोन काटकसर करतो. एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या अनेक फ्रेममधला फक्त बदल लिहून ठेवतो. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. आजी खुर्चीवर बसून बोलत असेल, तर मागची भिंत पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. पण हजारो अक्षता एकाच वेळी उडाल्या, की चित्राचा जवळजवळ प्रत्येक बिंदू बदलतो. वाऱ्यावर हलणारी संत्र्याची बाग, पोळ्याच्या तोरणाखालची गर्दी, कोसळणारा पाऊस यांचेही तसेच. एवढा बदल लिहायला जागा कमी पडली, की तपशील गाळले जातात आणि ठोकळे दिसू लागतात.

आकडा मोठा म्हणजे चित्र चांगले?

नाही, आणि गैरसमज इथेच आहे. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २१ लाख बिंदू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख बिंदू, म्हणजे चौपट. हा झाला कॅनव्हासचा आकार. त्यावर रंग किती ओतायचा, हे बिटरेट ठरवतो. बिटरेट म्हणजे एका सेकंदासाठी किती माहिती साठवली जाते, ते माप. बिंदू चौपट केले आणि बिटरेट तेवढाच ठेवला, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. म्हणूनच फार दाबलेल्या फोर-केपेक्षा सढळ बिटरेटचा १०८० पी व्हिडिओ अनेकदा सरस दिसतो.

हिशेब सोपा आहे. एक मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने तासाला ४५० एमबी लागतात. ८ मेगाबिट असेल तर ३.६ जीबी. आयफोनच्या सेटिंगमध्येच हा अंदाज दिलेला असतो. नव्या एचईव्हीसी पद्धतीत १०८० पी, ३० फ्रेमसाठी मिनिटाला सुमारे ६० एमबी, फोर-के ३० फ्रेमसाठी १७० एमबी आणि फोर-के ६० फ्रेमसाठी ४०० एमबी. म्हणजे तासाला अनुक्रमे साडेतीन, दहा आणि चोवीस जीबीच्या आसपास. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत सगळेच शेवटच्या सेटिंगवर घेतले, तर ऐन मंगलाष्टकांना ‘स्टोरेज फुल’ असा संदेश येण्याची शक्यताच जास्त.

मग घरी काय ठेवावे?

लांब कार्यक्रमासाठी १०८० पी, २५ किंवा ३० फ्रेम हे पुरेसे आणि समजूतदार सेटिंग आहे. फोर-के राखून ठेवावे ते दोन-चार मिनिटांच्या मोलाच्या क्षणांसाठी : अक्षता, सप्तपदी, आजीचा आशीर्वाद. फोर-केच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. नंतर चित्रातला एखादा भाग कापून मोठा करायचा असेल, तर तिथे जास्तीचे बिंदू कामी येतात. पण वैदर्भीय उन्हाळ्याचाही विचार हवा. फोर-के चित्रीकरणात फोन तापतो, आणि चाळिशीपार गेलेल्या उन्हात तो मध्येच चित्रीकरण थांबवू शकतो. अर्धवट राहिलेल्या फोर-केपेक्षा पूर्ण झालेला १०८० पी केव्हाही बरा.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसू शकतात. फोनमध्ये ५० हर्ट्झचा किंवा ‘पाल’चा पर्याय असेल तर तो चालू करून २५ फ्रेम निवडाव्यात. शटर हाताने ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवावे.

तिसरी गोष्ट पद्धतीची. एच.२६४ हे मानक २००३ चे, तर एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ हे २०१३ चे. नवी पद्धत तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी घेते, पण घरातला जुना टीव्ही किंवा लॅपटॉप ती उघडेलच असे नाही. फाइल नातेवाइकांना वाटायची असेल तर एच.२६४ अधिक भरवशाचे. पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ स्वरूपात असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर जातच नाही. पेनड्राइव्ह खराब आहे, असे समजून तो फेकण्याआधी हे तपासावे.

कपाटातल्या कॅसेटचे काय?

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कॅसेट हाये, पण लावाले व्हीसीआर नाही.’ व्हीएचएस १९७६ मध्ये जपानमध्ये आले. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या मोठ्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे चालू स्थितीतली यंत्रे आता कमीच होत जाणार. दुसरीकडे फितीवर ओलाव्याने बुरशी धरते आणि उष्णतेने ती खराब होते. काळ दोन्ही बाजूंनी संपत चालला आहे.

इथे एक जुनी चूक आठवणे गरजेचे आहे. व्हीसीडीची लाट आली, तेव्हा अनेकांनी लग्नाच्या कॅसेट व्हीसीडीवर उतरवल्या आणि अडगळ म्हणून मूळ कॅसेट टाकून दिल्या. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे आणि बिटरेट जेमतेम १.१५ मेगाबिट. त्यावर अक्षतांचा क्षण कायमचा ठोकळ्यांत गोठला. एकदा गाळलेला तपशील पुढे कुठल्याही यंत्राने खऱ्या अर्थाने परत येत नाही. आज दुकानात ‘जुनी कॅसेट फोर-के करून देतो’ असे सांगितले जाते, त्यात बिंदू वाढतात, माहिती नाही.

कॅसेट उतरवताना मागणी वेगळी हवी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ओळी ५७६, आणि सेकंदाला ५० अर्धी चित्रे. तेवढ्याच आकारात, पण सढळ बिटरेटने उतरवून द्या, असे सांगावे. उतरवलेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. आणि त्यानंतरही कॅसेट फेकू नये.

दाबायचेच असेल तर कधी?

जागा फुकट नसते, हे खरेच. सगळेच मूळ स्वरूपात ठेवणे प्रत्येक घराला परवडणार नाही. पण क्रम पाळता येतो : घेताना सढळ, वाटताना काटकसर. संगणकावर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरते. त्यात ठरावीक बिटरेट देण्याऐवजी ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडावी. मग सॉफ्टवेअर शांत दृश्याला कमी आणि अक्षतांना जास्त जागा देते. इथे आकडा जितका लहान, तितका दर्जा वरचा. जुन्या कॅसेटच्या चित्रासाठी १८ ते २२, १०८० पीसाठी २० ते २४ आणि फोर-केसाठी २२ ते २८ ही हँडब्रेकचीच शिफारस आहे. सगळा व्हिडिओ करण्याआधी सर्वांत धावपळीचे एक मिनिट निवडून चाचणी घ्यावी. ते मिनिट टिकले तर बाकीचे टिकेल.

दाबलेला व्हिडिओ पुन्हा दाबू नये, हा मात्र पक्का नियम. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो. ‘एचडी’ निवडले तरी तो मूळ राहत नाही. तोच उतरवून पुढे पाठवत राहणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणे. मूळ फाइल द्यायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, २ जीबीपर्यंत ती जशीच्या तशी जाते.

शेवटी प्रश्न प्रतींचा

दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. सिनेमे जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तोवर कितीतरी मूकपट नष्ट झाले होते. देशाच्या पहिल्या कथापटाची ही गत, तर घरच्या व्हिडिओची काळजी घरानेच घ्यायला हवी. एक प्रत हार्डडिस्कवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे पुण्या-नागपुरात राहणाऱ्या मुलाकडे किंवा क्लाउडवर, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. शूटिंगवाल्याशी बोलणी करतानाही ‘फोर-के आहे का?’ याआधी ‘संपादनाआधीच्या मूळ फाइल देणार का, आणि कोणत्या बिटरेटच्या?’ हे विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

बागेतली फळे वर्षात दोनदा, आंबिया आणि मृग बहरात येतात. एक बहर हुकला तर दुसऱ्याची वाट पाहता येते. आजोबांनी नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या तो क्षण पुन्हा येत नाही. त्यासाठी दोन-चार जीबी जास्त गेले, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.