‘एस’ या अक्षराचे भय

सैनिकांच्या आत्महत्यांचा विषय संसदेत निघाला की आकडे पटलावर ठेवले जातात, उपाययोजनांची यादी वाचली जाते आणि चर्चा पुढील अधिवेशनापर्यंत थांबते. मागील पाच वर्षांत तिन्ही दलांत ८१९ आत्महत्या झाल्या, त्यांपैकी ६४२ लष्करात, असे सरकारनेच जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सांगितले होते.

त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची समुपदेशन सेवा सुरू झाली. तिची धुरा बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’कडे सोपविण्यात आली. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवान व त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. दोन वर्षांचा प्रयोग म्हणून तो आखला गेला होता; गरजेला मात्र अशी मुदत नसते.

खरी अडचण वेगळीच आहे. लष्कराच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीतील पहिले अक्षर ‘एस’, म्हणजे मानसिक स्थिती. ती श्रेणी घसरली की बढती, नेमणूक आणि शस्त्र बाळगण्याची मुभा, सर्वांवर परिणाम होतो. शस्त्रधारी दलाला ही दक्षता सोडता येणार नाही. पण गावी जमिनीचा तंटा आणि इकडे रजेची प्रतीक्षा, यांत पिचलेला जवान याच भयाने गप्प राहतो आणि साधी निद्रानाशाची तक्रार विकोपाला जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशकाशी झालेले बोलणे जिवाला धोका असल्याखेरीज युनिटपर्यंत जाणार नाही, अशी लेखी हमी म्हणूनच हवी. समुपदेशन आणि श्रेणीनिश्चिती या दोन पायऱ्या वेगळ्या झाल्या, तरच पहिलीवर कोणी पाऊल ठेवील.

निवृत्तांची कथा याहून एकाकी. २००३ पासूनच्या अंशदायी आरोग्य योजनेचा आधार त्यांना आहे. पण सातारा-बेळगावकडच्या खेड्यातून मानसोपचारतज्ज्ञ गाठणे सोपे नाही. चार वर्षांनी सेवामुक्त होणाऱ्या अग्निवीरांना तर माजी सैनिकाचा दर्जाच नसल्याने ही योजनाही लागू नाही. २०२२ च्या अखेरीस भरती झालेल्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत समुपदेशनाशी जोडून देण्याचा निर्णय त्याआधीच व्हायला हवा होता. विलंबाची किंमत फायलींना मोजावी लागत नाही. ती घरांना मोजावी लागते.