पाहुण्यांना वाळलेली तूर आधी दाखवा

गेल्या शनिवार-रविवारी आमच्या वावरात पाहुणे होते, म्हणून चार दिवस काही लिहिलं नाही. आज थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

मे २०१८ मध्ये इस्राईलमध्ये तेल अवीवला अ‍ॅग्रीटेक प्रदर्शन होतं. महाराष्ट्रातून बरेच शेतकरी गेले, त्यात मीही होतो. काही जण कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौरा योजनेतून, म्हणजे निम्मा खर्च आणि जास्तीत जास्त १ लाख रुपये अनुदान, तर काही जण पदरचे पैसे घालून. तिथं आम्हा पाच जणांची गट्टी जमली. निफाडचे द्राक्षवाले, रावेरचे केळीवाले, तासगावचे बेदाणेवाले, जालन्याकडचे तूर-मोसंबीवाले, आणि मी मानोऱ्याचा सोयाबीन-तूरवाला. इंग्रजी कोणालाच धड येत नव्हतं, त्यामुळं दोस्ती लवकर झाली.

परत येताना ठरलं, दर हिवाळ्यात एकाच्या शेतावर दोन दिवस मुक्काम करायचा. निफाड झालं, रावेर झालं, मधात कोरोना आला. मग तासगाव, जालना. गेल्या वर्षी माझी पाळी होती. मी म्हटलं, घरात अडचण आहे, पुढच्या वर्षी पाहू.

अडचण काही नव्हती. लाज होती. त्यांच्याकडं शेततळं, पॅकहाऊस, बंगला. माझ्याकडं ९ एकर, त्यात ओलित ३ एकर, ते बी रात्रीच्या लायनीवर. त्या वर्षी सोयाबीनमधून खर्चच निघाला. यांना दाखवू काय? यंदा घरचीनंच तोंडावर विचारलं, "चार घरचं जेवून आले, आता आपल्या घरी बोलवाले काऊन मागंपुढं पाहता?" उत्तर नव्हतं. बोलावलं.

आता खरी गोष्ट. पाहुणे यायच्या आधी मी काय केलं? रस्त्याकडचा हरभरा निंदून घेतला. जॅकी ९२१८ आहे, घाटे चांगले धरले आहेत. ठिबकच्या नळ्या सरळ करून घेतल्या. आणि नाल्याकडच्या दीड एकरातली तूर वाळली होती, तिकडं पाहुण्यांना न्यायचंच नाही असं ठरवून टाकलं. पोराला सांगून ठेवलं, "तिकडं चिखल हाय म्हणाचं." डिसेंबरात चिखल!

शनिवारी दुपारी सगळे आले. धुऱ्यावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी, वरण. रावेरवाल्यांनी भरताच्या वांग्यावरून वाद घातला, तो दरवर्षी असतोच. जेवण झाल्यावर जालनावाले हात धुवायच्या निमित्तानं नाल्याकडं गेले ते परत येईनात. मी गेलो तर ते वाळलेल्या तुरीत उकिडवे बसलेले, हातात विळा.

म्हणाले, "भाऊ, ही कशानं गेली?"

मी म्हटलं, "पाणी साचलं न दादा. सप्टेंबरात आठ दिवस डबकं होतं. आता नाल्याकडून चर खोदतो."

त्यांनी झाड उपटलं. बुंध्यापासून वर गेलेला जांभळट पट्टा दाखवला. मग खोड उभं चिरलं, आत काळपट रेषा. म्हणाले, "चर जरूर खोदा. पण पाणी साचण्यानं नुसतं निमित्त झालं असंल. हा मला मर दिसतो. पुढच्या वर्षी इथंच तूर पेरली तर चर खोदूनही जाईल."

मंडळी, मी पुढच्या वर्षी तिथंच तूर पेरणार होतो. बियाणंही त्याच वावराच्या शेजारचं ठेवणार होतो. मर रोगाची बुरशी जमिनीत अन् जुन्या धसकटांत तीन-चार वर्षं टिकते, हे मी ऐकलेलं होतं. पण माझ्या वावरात मर असेल हे मनानं मानलंच नव्हतं. पाण्यावर ढकलून मोकळा झालो होतो. चिखलाची ती लबाडी चालली असती तर वर्षभराचं पीक हातचं गेलं असतं.

संध्याकाळी शेकोटीला यावरच बोलणं झालं. त्या तुकड्यात तीन वर्षं तूर नाही, हरभराही नको, कारण त्यालाही मर लागतो, बुरशीची जात वेगळी असली तरी. बाकी वावरात तुरीला ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, आणि वाण मर सहन करणारा: बदनापूरचा बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६. ७३६ उशिरा येतो, आमच्या हलक्या कोरडवाहूत शेवटी ओल पुरत नाही, म्हणून माझा कल ७११ कडं. आणखी एक, तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी राहतो.

हे ऐकून मी गपच झालो. माझा बाप ज्वारीतच तुरीचं तास टाकायचा. आम्ही सोयाबीन आल्यावर ज्वारी सोडली. का सोडली? भाव नाही, अन् रानडुकरं अन् रोही कणीस ठेवत नाहीत. ते कारण आजही खरं आहे, म्हणून नऊ एकरांत ज्वारी पेरा असं मी कोणाला म्हणणार नाही. त्या दीड एकराला तारेचं कुंपण करून पेरून पाहणार आहे. जमलं नाही तर तेही इथंच लिहीन.

म्हणून माझं मत सांगतो. इस्राईलचा दौरा वाया गेला असं मी म्हणत नाही. नेगेवच्या वाळवंटात २०० मिलीमीटरच्या आत पाऊस, तरी शेती होते. १९६५ मध्ये हत्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये नेटाफिम सुरू झाली अन् ठिबक जगभर गेलं. पाणी डोळ्यानं नाही, मोजून द्यायचं, हे मी तिथं शिकलो. पण तिथल्या शेतकऱ्यानं आम्हाला त्याचं चांगलंच वावर दाखवलं. प्रदर्शनात कोणी मर लागलेलं झाड ठेवत नाही. वाळलेलं झाड फक्त दोस्ताच्या वावरात दिसतं, तेही त्यानं दाखवलं तर.

कृषी विभागाला अन् केव्हीकेच्या मंडळींना माझी सूचना आहे. परदेश दौऱ्यावर जो शेतकरी अनुदान घेईल, त्यानं परत आल्यावर दोन वर्षं तरी हिवाळ्यात दोन दिवस आपलं वावर इतर जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी उघडं ठेवावं, अशी अट घाला. शाल-श्रीफळ नको, मंडप नको. माझ्याकडं पाच जणांच्या दोन दिवसांच्या किराण्याला अडीच हजारही लागले नाहीत.

रविवारी सकाळी पोहरादेवीला दर्शन करून पाहुणे निघाले. निघताना घरचीनं जालनावाल्यांना विचारलं, "दादा, तुमच्या इकडं निंदाले कोण जाते? वहिनीच न? मंग त्याईले काऊन नाही आणत? झाड वाळलं ते आमाले आधी दिसते. म्या पोळ्यालेच सांगतलं होतं, चार झाडं माना टाकून राह्यले."

खरं आहे. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी निफाडला जोडीनं जायचं ठरलं आहे, अन् पहिल्या दिवशी चहाच्या आधी ज्याचं त्यानं बिघडलेलं वावर दाखवायचं.

रोडग्यांचा फोटो टाकत नाही. खाली चिरलेल्या खोडाचा फोटो आहे. कोणाच्या तुरीत अशी रेषा दिसली तर सांगा. अभ्यासक मंडळींनी फोटो पाहून माझी चूक असेल तर दुरुस्त करावी. दोन झाडं मुळासकट करड्याच्या केव्हीकेला नेणार आहे. ते काय म्हणतात ते कळवतो.

राम राम.